अकोले तालुक्यात फिरायला यायचंय? आधी महिना बघा, मग ठिकाण ठरवा

सुट्टी लागली की तालुक्यातल्या घरोघरी पुण्या-मुंबईच्या, नाशिक-नगरच्या पाहुण्यांचे फोन सुरू होतात. "तुमच्याकडं बघण्यासारखं काय आहे? शनिवारी येऊ का?" मोबाईलवर धबधबा, काजवे, सांदण दरी असं सगळं पाहिलेलं असतं. पण फोटोवर महिना लिहिलेला नसतो. मे महिन्यात काजव्यांसाठी आलेला माणूस रंधा धबधबा कोरडा बघून नाराज होतो. तेवढ्यावर भागलं तर ठीक. पण हिवाळ्यात काढलेला सांदण दरीचा फोटो बघून कोणी जुलैत तिथं उतरला, तर जिवावर बेततं.

म्हणून पाहुण्यांना 'या' म्हणण्याआधी कोणत्या महिन्यात काय बघायचं आणि काय टाळायचं, हे माहीत असलेलं बरं. स्वतः सहकुटुंब निघणाऱ्यांनाही हा हिशोब उपयोगी पडेल.

जून ते ऑगस्ट : धबधबे बघा, पण लांबूनच

पावसाळ्यात घाटघर, रतनवाडी, साम्रद हा पट्टा धुक्यात बुडालेला असतो. पाऊस इतका, की घाटघरला लोक नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात. भातलावणी चालू असते आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ओहोळ वाहत असतात. भंडारदरा धरणाचं काम इंग्रजांच्या काळात, १९१० मध्ये सुरू झालं आणि १९२६ मध्ये पूर्ण झालं. ते भरत आलं, की गर्दी वाढते. प्रवरेवरचा रंधा धबधबा खरा बघावा तो याच दिवसांत. धरणाच्या पायथ्याचा छत्रीसारखा दिसणारा अम्ब्रेला फॉल धरणातून पाणी सोडलं तरच दिसतो, एरवी तिथं नुसता खडक असतो.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. धरणातून पाणी सोडल्यावर नदी बघता बघता वाढते. वर ऊन पडलेलं असलं तरी खाली लोंढा येऊ शकतो. त्यामुळं पात्रात उतरणं, शेवाळलेल्या खडकावर उभं राहून सेल्फी काढणं नकोच. कठड्याच्या अलीकडून बघितलं तरी धबधबा तेवढाच मोठा दिसतो.

आणि सांदण दरी या दिवसांत अजिबात नाही. साम्रद गावाजवळची ही दरी म्हणजे उभ्या कातळातली अरुंद भेग. आजूबाजूच्या पठाराचं पाणी तिच्यात उतरतं. दोन्ही बाजूंना सरळ भिंती असल्यामुळं पाणी आलं तर माणसाला चढून जायला जागाच नसते.

सप्टेंबर-ऑक्टोबर : कळसूबाई आणि रानफुलं

पाऊस ओसरला, की सोनकी आणि तेरड्यानं डोंगर पिवळे-जांभळे होतात. कळसूबाई चढायला हा काळ चांगला. उंची १६४६ मीटर, म्हणजे सुमारे ५४०० फूट. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. पायथ्याचं गाव बारी. सवयीचा माणूस तीन तासांत वर जातो, मुलंबाळं बरोबर असतील तर चार तास धरा. अवघड कातळावर लोखंडी शिड्या आहेत. शिडी ओली असेल तर एका वेळी एकानंच चढावं, मागून घाई करू नये. माथ्यावर कळसूबाईचं छोटं मंदिर आहे. नवरात्रात तिथं भाविकांची मोठी रीघ लागते, म्हणून नुसतं फिरायला येणाऱ्यांनी ते नऊ दिवस सोडून यावं.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी : गड, मंदिरं आणि दऱ्या

सगळ्यात भरवशाचा हंगाम हाच. आकाश स्वच्छ असतं, वाटा कोरड्या असतात.

रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर आधी बघा. शिलाहारांच्या काळातलं हे दगडी मंदिर आणि शेजारची पुष्करणी बघायला चढण नाही, आजी-आजोबांनाही सहज जमतं. तिथूनच रतनगडाची वाट जाते. गडावर कातळाला आरपार पडलेलं नेढं आहे, त्यात बसून वारा खाता येतो. याच रतनगडाच्या डोंगरात प्रवरा उगम पावते. म्हणजे खाली श्रीरामपूर-नेवाशापर्यंत पोचणारं पाणी इथून निघतं.

हरिश्चंद्रगडाला सोपी वाट पाचनईची. वर हरिश्चंद्रेश्वराचं मंदिर आहे. केदारेश्वराच्या गुहेत कमरेइतक्या गार पाण्यात मोठं शिवलिंग आहे, त्याभोवतीच्या चार खांबांपैकी आता एकच शाबूत उरलाय. पुढं कोकणकडा. हा कडा आतल्या बाजूला वळलेला असल्यामुळं आपण कुठं उभे आहोत, ते वरून कळत नाही. म्हणून गावातले वाटाडे पाहुण्यांना पालथं झोपूनच खाली बघायला लावतात. ते ऐकावं.

सांदण दरीला डिसेंबरनंतर जावं. आत पाण्याचे डोह लागतात, ते उन्हाळ्याकडं आटत जातात. दरी उतरून खाली ठाणे जिल्ह्यात जाणं दोराशिवाय होत नाही. सहकुटुंब आलेल्यांनी थोडं आत जाऊन परत फिरावं.

गर्दी नको असेल तर पट्टा किल्ला ऊर्फ विश्रामगड आहे. १६७९ मध्ये जालन्याच्या स्वारीनंतर शिवाजी महाराज इथं विश्रांतीला थांबले होते. चढ फार नाही, शाळेतली मुलंही आरामात जातात.

मे अखेर ते पहिला पाऊस : काजवे

मेच्या शेवटच्या आठवड्यापासून पाऊस जोर धरेपर्यंत हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर काजवे लुकलुकतात. घाटघर, उडदावणे, पांजरे, साम्रद, रतनवाडी हा त्यांचा पट्टा. हे चमकणं म्हणजे नर-मादीनं एकमेकांना घातलेली साद असते. गाडीचे दिवे, टॉर्च, मोबाईलचा फ्लॅश लावला, की ती साद दिसत नाही आणि जोडीच जमत नाही. मादी बऱ्याचदा खाली गवतात असते, ती पायाखाली चिरडली जाते. पिल्लं मातीत वाढतात, तिथंच गाड्या लावल्या तर पुढच्या वर्षीचे काजवे कमी होणार हे उघड आहे.

म्हणून गाडी गावात लावा, दिवे बंद करा, झाडापासून लांब उभे राहा. दहा मिनिटांत डोळे अंधाराला सरावतात. हा सगळा भाग अभयारण्यात येतो, त्यामुळं वनखात्याच्या नाक्यावर शुल्क आणि वेळेचे नियम विचारूनच पुढं जा.

कसं यायचं, काय जवळ ठेवायचं

नगर-पुण्याकडून संगमनेर, अकोले, राजूर असं शेंडीला यायचं. शेंडी म्हणजे धरणाजवळचं गाव. मुंबई-नाशिककडून रेल्वेनं इगतपुरी किंवा घोटी गाठून बारी. आतल्या गावांना एसटीच्या फेऱ्या कमी असतात, परतीच्या गाडीची वेळ उतरतानाच विचारून ठेवा. डोंगरात रेंज जाते, मग ऑनलाइन पैसे जात नाहीत. रोख रक्कम जवळ असू द्या.

येताना वाटेत अकोल्याला अगस्ती ऋषींचा आश्रम आहे. शेतीत रस असेल तर कोंभाळण्याला जा. देशी वाणांचं जतन केल्याबद्दल पद्मश्री मिळालेल्या बीजमाता राहीबाई पोपेरे यांचं हे गाव. आधी कळवून गेलात तर त्यांची बियाण्यांची बँक बघायला मिळेल.

गावातला वाटाड्या घ्या

दोन-चारशे रुपये वाचवायला मोबाईलच्या नकाशावर जंगलात शिरणारे पुष्कळ. नकाशात वाट दिसते, पण काल वर पाऊस झाला का, शिडी हलतेय का, डोहात पाणी किती आहे, हे गावातल्या माणसालाच ठाऊक असतं. जेवणही गावातल्या घरीच सांगावं : नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा, इंद्रायणी भात. माणशी दर आणि वेळ आदल्या दिवशी फोनवर ठरवली, की दोन्हीकडून कुरबूर राहत नाही.

गावकऱ्यांनीही एवढं करावं. हंगाम नसताना कोणी "दरीत नेता का?" म्हणून जादा पैसे देऊ लागला, तर सरळ नाही म्हणावं आणि त्याच दिवशी अमृतेश्वर किंवा धरण दाखवावं. पाहुणा धडधाकट घरी गेला, तरच पुढच्या वर्षी चार माणसं घेऊन परत येतो.