साबणाच्या रेणूंचा साचा

साबणाच्या रेणूला डोके असते आणि शेपूट असते. डोक्याला पाणी हवेसे, शेपटीला नकोसे. पाण्यात असे रेणू पुरेसे झाले की ते आपोआप एकत्र येतात, शेपट्या आत आणि डोकी बाहेर. त्यातून कधी गोळे बनतात, कधी कांड्या, कधी एकावर एक थर. हे सारे कोणी रचत नाही.

या सवयीचा उपयोग अमेरिकेतल्या मोबिल या तेल कंपनीच्या संशोधकांनी करून घेतला. खनिज तेलातले मोठे रेणू झिओलाइटच्या जेमतेम एक नॅनोमीटरच्या छिद्रांत शिरत नसत. त्यांना मोठी छिद्रे हवी होती. त्यांनी सेट्रिमाइडच्या (सॅव्हलॉनमध्ये असते तेच) कुळातले रसायन पाण्यात घेतले आणि त्यात सिलिका, म्हणजे वाळूतला मूळ पदार्थ, विरघळवून मिसळली. रेणूंच्या कांड्यांवर धन प्रभार, सिलिकेवर ऋण. सिलिका कांड्यांभोवती चिकटून घट्ट झाली. मग सुमारे ५४० अंश सेल्सिअसला कांड्या जाळून टाकल्या. मूर्ती ओतताना मेण वितळवून काढतात, तसेच हे. मागे उरली मधाच्या पोळ्यासारखी चाळणी, छिद्रे दोन ते दहा नॅनोमीटरची. शेपटी लांब घेतली तर छिद्र मोठे. ऑक्टोबर १९९२ मध्ये हे 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाले आणि गाजले. जपानच्या वासेदा विद्यापीठातल्या गटाने थरांच्या सिलिकेवर असेच काम १९९० मध्ये छापले होते, त्याची आठवण मात्र कमी निघते.

अशा एका ग्रॅम भुकटीचे आतले-बाहेरचे पृष्ठफळ सुमारे एक हजार चौरस मीटर भरते, म्हणजे जवळपास दहा गुंठे!

एवढ्या जागेत औषध का भरू नये? माद्रिदमधल्या मारिया व्हॅलेट-रेगी यांच्या गटाने २००१ मध्ये त्यात आयब्युप्रोफेन भरले. औषध एकदम न सुटता हळूहळू पाझरत राहिले.

अडचण साच्याचीच आहे. सेट्रिमाइडचे कूळ जंतूंना मारते, तसे आपल्या पेशींच्या पडद्यालाही फाडते. छिद्रांत थोडेही उरले तर औषधाचा डबाच विषारी. जाळावे तर ते रसायन वाया जाते आणि बारीक कण एकमेकांना चिकटतात. म्हणून आम्ल मिसळलेल्या अल्कोहोलने साचा धुऊन काढतात. तो पुरता निघाला का, हे दर घाण्याला तपासावे लागते.