जत्रेचा मांडव आणि आगीचा पहारा

उसाचा फड पेटला की काय धावाधाव होते, हे आमच्या सभासद बंधूंना कुणी सांगायला नको. पण फडाला आग लागते तेव्हा माणसं बाहेर असतात. तमाशाच्या कनातीत ती आत असतात. २३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातील डबवाली येथे शाळेच्या समारंभाचा मांडव पेटला आणि चारशेहून अधिक जीव गेले, त्यांत लहान मुलं फार. कापड कृत्रिम धाग्याचं, बाहेर पडायची वाट एकच. उलट, १४ फेब्रुवारी २०१६ रोजी मुंबईत गिरगाव चौपाटीवर लावणी चालू असताना रंगमंच पेटला. मंच जळून गेला, पण माणसं वेळेत निघाली. कुणी दगावलं नाही.

जत्रेतल्या तरुण मंडळांना आमचं सांगणं एवढंच, की नुसते बिल्ले लावून हिंडू नका, कामं वाटून घ्या. जनरेटरपाशी वाळूच्या बादल्या भरून दोघं बसवा. भज्यांची भट्टी कनातीपासून लांब. कनात दोन्ही अंगांनी उघडी ठेवा आणि वाटेत बसणाऱ्याला हाताला धरून उठवा, मग तो संचालक का असेना! विजेची आग असेल तर आधी वीज तोडा, पाणी नंतर. टँकर भरून उभा पाहिजे, त्याच्यापुढं ट्रॉल्या नकोत. अन् ड्रायव्हरनं वग बघायला जाऊ नये.