चांदीच्या जनावरांचीं धुपाटणीं

सायंकाळीं देवघरांत धूप जाळावयाचा म्हणजे धुपाटणें आलेंच. परंतु तें हरिणाच्या, सिंहाच्या किंवा टर्की पक्ष्याच्या रूपानें बैठकीच्या मेजावर उभें असलेलें आमच्या वाचकांपैकीं फारच थोड्यांनीं पाहिलें असेल. दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वताच्या प्रदेशांत, म्हणजे आजच्या पेरू व बोलिव्हिया या देशांत, स्पॅनिश अमलाखालीं संपन्न घरांतून अशीं चांदीचीं धुपाटणीं असत. स्पॅनिश भाषेंत त्यांस ‘साउमादोर’ म्हणतात.

त्यांची रचना मोठी मौजेची आहे. चांदीचा पत्रा ठोकून जनावराचें पोकळ शरीर करावयाचें. वरचा भाग झांकणासारखा उघडून आंत निखारे व त्यांवर सुगंधी राळ ठेवावयाची, म्हणजे अंगावर पाडलेल्या नक्षीदार छिद्रांतून धूर हळूहळू बाहेर पडूं लागतो. पायांखालीं बहुधा तबक असतें. आयाकुचो येथील कारागीर (१८२५ पूर्वीं या गांवास वामांगा म्हणत) तर चांदीच्या बारीक तारेचें जाळीकाम करीत. मग छिद्रें निराळीं कशाला पाडावयाचीं? सारें अंगच धुरास मोकळें!

या जनावरांचा मेळाहि पाहण्यासारखा आहे. सिंह अँडीजमध्यें नाहींच. तो स्पेनच्या राजचिन्हावरचा प्राणी. टर्की उत्तर अमेरिकेचा. त्यांच्या पंक्तीस खवल्यांचें कवच ल्यालेला आर्मडिलो आणि ओझें वाहणारा लामा, हे मात्र त्याच भूमीचे. चांदीचे लहान लामा इंका लोक स्पॅनिशांपूर्वींहि घडवीत. आणि त्यांच्याहि कित्येक शतकें आधीं तितिकाका सरोवराकांठच्या तिवानाकू येथें प्यूमाच्या आकाराचीं मातीचीं धूपपात्रें होत असत. १५३३ सालीं कैदेंतील इंका राजा अताहुआल्पा याच्या सुटकेसाठीं जमलेलीं सोन्यारुप्याचीं भांडीं जेत्यांनीं आटवून टाकलीं. भांडीं गेलीं, हातांतली विद्या राहिली, असें आम्हांस वाटतें.

परंतु ही चांदी आली कोठून? १५४५ त पोतोसीच्या डोंगरांत तिची खाण सांपडली. पुढें व्हाइसरॉय तोलेदो याच्या कारकीर्दींत सोळा प्रांतांतील प्रौढ पुरुषांपैकीं दर सातांस एक या हिशेबानें सक्तीची पाळी लागली, आणि दरसाल सुमारें १३,००० माणसें तेथें राबावयास जाऊं लागलीं. समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरांहून उंच जागीं, कडाक्याच्या थंडींत, पाठीवर खनिज घेऊन तीं शिडीनें वर येत. धातु काढण्यास पारा वापरीत, त्याची बाधा निराळीच. त्या खंडांतील चांदी नाण्यांच्या रूपानें युरोप व मनिला येथून हिंदुस्थानांतहि पोंचली, आणि सुरतेच्या टांकसाळींत तिचे रुपये पडले. तेव्हां आमच्या एखाद्या जुन्या निरांजनांत पोतोसीचा अंश नसेलच असें कोणीं सांगावें?

खाणींतून निघालेल्या चांदीचा पांचवा हिस्सा स्पेनच्या राजाचा. तो भरल्याची मुद्रा भांड्यावर उमटवावी असा कायदा होता, पण ती नसलेलीं भांडीं पुष्कळ आढळतात. कारागिराचें नांव तर त्याहून विरळा.