बोटांवरचा कळफलक

बोटांत कडी अडकवून मेजावर किंवा मांडीवर बोटे आपटावीत आणि पडद्यावर अक्षर उमटावे, ही कल्पना मोठी मोहक. डग्लस एंगेलबार्ट यांनी १९६८ साली सॅन फ्रान्सिस्कोत दाखविलेली पाच कळींची पट्टी हा तिचा एक पूर्वज. पाच बोटांच्या जुळण्या होतात ३१. रोमन लिपीची २६ अक्षरे त्यांत सुखाने मावतात. पण प्रत्येक अक्षराला सबंध हात खर्ची पडतो. नेहमीच्या कळफलकावर एक बोट कळ दाबीत असता दुसरे पुढच्या कळीवर पोहोचलेले असते. ती सवड येथे नाही. एकच हात चालणाऱ्यास किंवा दृष्टिहीनास हे साधन उपकारक खरे. दिवसभर टंकलेखन करणाऱ्यास नव्हे. मराठी लिहिणाऱ्याची पंचाईत तर याहून मोठी. व्यंजनेच तीसच्या वर. स्वर, मात्रा निराळ्या. पुष्कळ चिन्हांसाठी हात दोनदा आपटणे आलेच.