जमीन सुधारली, पैसे कुठून येणार?

जमिनीतला सेंद्रिय कर्ब वाढवा, त्याचे पैसे मिळतील, असे सांगणारे प्रकल्प देशात अनेक ठिकाणी सुरू झाले आहेत. नंदुरबारच्या शेतकऱ्याने ते ऐकून जरूर घ्यावे. पण वहीत हिशेब मांडताना ही रक्कम सगळ्यात शेवटी धरावी. पुनरुज्जीवक शेतीचा पैसा आधी वाचलेल्या खर्चातून येतो, मग जास्तीच्या पिकातून आणि भावातून. शिवाय तापीकाठी तो एका वाटेने येतो आणि सातपुड्यात दुसऱ्या.

पद्धतीत गूढ काही नाही. नांगरट कमी करायची, रान उघडे ठेवायचे नाही, पिके मिसळून घ्यायची, मुळे जागेवरच कुजू द्यायची, बांधावर झाडे वाढवायची. कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर आणि नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांनी विना नांगरणीची शेती महाराष्ट्राला करून दाखवली आहे, तेव्हा हे काही परदेशातून आलेले खूळ नव्हे.

आधी सपाटीचे रान घेऊ. शहादा-तळोद्याकडे कपाशी, केळी, पपई, ऊस. म्हणजे रोख खर्चाची शेती. कपाशी निघाली की पऱ्हाटी उपटून पेटवायची, मग नांगर, मग रोटाव्हेटर. जमिनीला परत मिळायचा कर्ब धूर होऊन जातो आणि वर डिझेलचे पैसे लागतात. पऱ्हाटी यंत्राने बारीक करून रानातच पसरली, तर तिचे आच्छादन होते आणि कुजून खतही. एक पथ्य मात्र पाळावे लागते. फरदड न ठेवता, वेचणी संपताच हे काम उरकायचे. उभ्या पऱ्हाटीच्या वाळक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामाची वाट पाहत बसते.

खतात किती वाचते? युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, कारण बाकीचा भार सरकार उचलते. डीएपीची ५० किलोची गोणी १,३५० रुपयांना. एकरी दोन गोण्या युरिया आणि एक डीएपी कमी झाली, तर १,८८३ रुपये हातात राहतात. अनुदानामुळे खतातली बचत कागदावर लहानच दिसते. नांगरणी आणि रोटाव्हेटरचा आपल्या गावचा दर तिच्यात मिळवा, मग आकडा बोलू लागतो. खत मात्र एकदम तोडू नये. जमीन सावरेपर्यंत पहिली दोन-तीन वर्षे उत्पन्न घटू शकते, म्हणून सुरुवात अर्ध्या एकरावर करावी.

दुसरा पैसा आंतरपिकाचा. कपाशीत तुरीच्या ओळी धरल्या आणि एकरी एकच क्विंटल तूर निघाली, तरी २०२५-२६ च्या हमीभावाने ते ८,००० रुपये होतात. बाजार हमीभावाच्या खाली गेला तर तितके कमी. तुरीची मुळे नत्र धरतात, पाला गळून रानातच पडतो. नवापूरच्या तूरडाळीला तर भौगोलिक मानांकन आहे. ते नाव वापरायचे असेल, तर उत्पादकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून घ्यावी लागते.

आता वर सातपुड्यात चला. धडगाव-अक्कलकुव्याच्या उतारावर ज्वारी, मका, तूर, भगर मिसळून पेरायची रीत जुनीच आहे. इथे रासायनिक खत मुळातच कमी, मग वाचवायचे काय? या शेतकऱ्याला ‘खर्च कमी करा’ सांगणे ही थट्टाच. त्याचा पैसा झाडात आहे. कैरी सोलायची, फोडी करून उन्हात वाळवायच्या आणि आमचूर म्हणून विकायचे, हा इथला जुना धंदा. त्याला नांगर लागत नाही. ‘बाएफ’ या संस्थेने १९८२ च्या सुमारास शेजारच्या गुजरातमधल्या वांसद्यात वाडी उभी केली तीही याच विचाराने: सुमारे एकरभर फळझाडे, कडेने वनझाडे, आणि आंबा धरेपर्यंतची चार-पाच वर्षे मधल्या पट्ट्यात नेहमीची पिके. पुढे नाबार्डने आदिवासी विकास निधीतून ही वाडी देशभर नेली.

राहिला कर्ब. एक एकर जमिनीच्या वरच्या सहा इंच मातीचे वजन ढोबळमानाने नऊ लाख किलो असते. सेंद्रिय कर्ब ०.४० वरून ०.५० टक्क्यांवर गेला, तर ९०० किलो कर्ब साठला. त्याचा कार्बन डायऑक्साइड काढायला ३.६७ ने गुणायचे. झाले सुमारे ३.३ टन. एक टन म्हणजे एक कार्बन क्रेडिट. समजा क्रेडिटला १,००० रुपये मिळाले आणि एवढा कर्ब साठायला पाच वर्षे लागली, तर वर्षाला एकरी ६६० रुपये. त्यातून मोजणी, तपासणी आणि कंपनीचा वाटा जायचा. वर सांगितलेली क्विंटलभर तूर याच्या बारा पट आहे.

आणखी एक अट बोचते. पैसे नव्या बदलाचे मिळतात, आधीपासून चालत आलेल्या गोष्टीचे नाही. म्हणजे जाळून-नांगरून कर्ब घालवलेल्या रानाला क्रेडिटची संधी, आणि पिढ्यान् पिढ्या मिश्र पीक घेणाऱ्या पाड्याला जवळपास शून्य. माझ्या मते हा अन्याय आहे. उतारावर नवी झाडे लावली तर ती मोजली जातात, तेवढीच वाट उरते.

जास्तीच्या भावासाठी सेंद्रिय प्रमाणपत्र लागते. पीजीएस पद्धतीत किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांच्या शेताची तपासणी करतो. खर्च कमी, पण ओळख बहुतेक देशी बाजारापुरती. निर्यातीला त्रयस्थ संस्थेचे प्रमाणीकरण हवे, आणि हंगामी पिकांना त्याआधी रूपांतराचा दोन वर्षांचा काळ काढावा लागतो. सेंद्रिय कापसात बीटी बियाणे चालत नाही, हे आधीच ठाऊक असू द्या. नंदुरबारच्या पथारीवर वाळणाऱ्या मिरचीला हा रस्ता अधिक जवळचा वाटतो, कारण मसाल्याचा निर्यातदार कीटकनाशकाचा अंश आधी तपासतो. पण गाडीभर एकसारखा माल एकट्याकडे नसतो. तिथे गट किंवा शेतकरी उत्पादक कंपनीच हवी.

कुणी कर्बाचा करार घेऊन आलाच, तर तो मराठीत मागून घ्या आणि ग्रामसभेत वाचून घ्या. मुदत किती वर्षांची, मधेच नांगर घातला किंवा झाड तोडले तर काय, कंपनीचा वाटा किती, पहिला पैसा कधी, हे विचारा. वनपट्टा वारसाला जातो, पण विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. तेव्हा त्यावर करार करण्याआधी वनहक्क समितीशी बोला. आणि करार होवो न होवो, या उन्हाळ्यात पेरणीआधी मातीचा नमुना काढून सेंद्रिय कर्बाचा आकडा वहीत लिहून ठेवा. दरवर्षी त्याच रानातून, त्याच महिन्यात.