कूक दांपत्याचें घर

ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न शहराच्या फिट्झरॉय उद्यानांत विटादगडांचें, लाल कौलांचें एक लहानसें घर आहे. दारावरील शिळेवर १७५५ हें साल आणि घरधन्यांच्या नांवांचीं आद्याक्षरें कोरलेलीं आहेत. परंतु १७५५ सालीं मेलबर्न शहरच वसलेलें नव्हतें! मग हें घर येथें आलें कोठून?

तें आलें इंग्लंडांतून. यॉर्कशायर परगण्यांतील ग्रेट आयटन या गांवीं जेम्स व ग्रेस कूक या कष्टकरी दांपत्याचें तें घर. प्रसिद्ध दर्यावर्दी कॅप्टन जेम्स कूक हा त्यांचाच पुत्र. १९३३ सालीं घर विक्रीस निघालें, तेव्हां तें इंग्लंडबाहेर जाऊं नये, अशी मालकिणीची अट होती. तिचें मन वळवून ‘इंग्लंड’च्या जागीं ‘साम्राज्य’ हा शब्द घालण्यांत आला. स्थानिक बोली ३०० पौंडांवर थांबली होती. मेलबर्नच्या रसेल ग्रिमवेड यांनीं ८०० पौंड मोजले. घर उतरवून २५३ पेट्या व ४० पिंपें भरलीं गेलीं. भिंतीवरील आयव्हीच्या वेलाचीं कलमेंहि बरोबर निघालीं. १९३४ सालीं, मेलबर्नच्या शताब्दीनिमित्त, तें उद्यानांत पुन्हां उभें राहिलें.

विटा खऱ्या आहेत. पण त्यांच्याभोवतीं रचलेली प्रत्येक समजूत खरी नव्हे. पुत्राचा जन्म १७२८ चा. घरावर साल कोरलें गेलें, त्याच वर्षीं तो ब्रिटिश आरमारांत शिरला. त्याचें बालपण येथें गेलेलें नाहीं. फार तर आईबापांच्या भेटीस तो आला असेल. आंतील सामानसुमान त्या काळाला साजेसें आहे, परंतु त्यांतील फारच थोडें कूक कुटुंबाचें आहे.

आणखी एक गोष्ट हें घर स्वतः सांगत नाहीं. १७७० सालीं कूकनें ऑस्ट्रेलियाचा पूर्व किनारा ब्रिटिश राजाच्या नांवानें ताब्यांत घेतल्याचें जाहीर केलें, तेव्हां त्या भूमीवर मूळ रहिवासी हजारों वर्षें नांदत होते. त्यांच्या वंशजांना कूकचें नांव हिरावलेल्या भूमीची आठवण देतें. २०१४ सालीं याच भिंतींवर निषेधाचीं अक्षरें रंगविलीं गेलीं.

इकडे ग्रेट आयटनमध्यें घराच्या रिकाम्या जागीं एक दगडी स्तंभ उभा आहे. कूकच्या जहाजाला ऑस्ट्रेलियाची भूमि जेथें प्रथम दिसली, त्या भागांतून त्याचा दगड आणलेला आहे. घर तिकडे गेलें, दगड इकडे आला. असें जतन केलेलें घर पाहणाऱ्यानें तेथें काय ठेवलें आहे एवढेंच न पाहतां, तें कोणीं ठेवलें आणि कोणाची गोष्ट सांगावयाची राहून गेली, हेंहि विचारावें.