चुंबकाच्या मोटरचं इंधन कोणतं?

२४ एप्रिल १९७९ रोजी अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने हॉवर्ड जॉन्सन यांच्या मोटरला पेटंट दिलं. क्रमांक ४१५१४३१. ना बॅटरी, ना तारेचं वेटोळं. नुसत्या कायम चुंबकांची विशिष्ट मांडणी. ऊर्जा कुठून येते, यावर जॉन्सन यांचं उत्तर तयार होतं: चुंबकातल्या इलेक्ट्रॉनच्या स्पिनमधून. पुढच्या वर्षी ‘सायन्स अँड मेकॅनिक्स’ मासिकाने तिला मुखपृष्ठावर झळकवलं आणि हौशी कारागीर कामाला लागले. पेटंट मिळालं म्हणजे यंत्र चालतंच, असं मानायची आपल्याला सवय आहे. ही मोटर बाजारात मात्र कधीच आली नाही.

कल्पना तशी जुनीच. १२६९मध्ये इटलीतल्या लुचेराच्या वेढ्यात असताना पीटर पेरेग्रिनसने लिहिलेल्या पत्रात चुंबकाने अखंड फिरणाऱ्या चाकाचं वर्णन आहे. आपल्याकडे त्याच्याही आधी भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’त पारा भरलेल्या आऱ्यांचं स्वयंवह चाक मांडलं होतं, तिथे चुंबकाऐवजी वजनावर भिस्त होती, इतकंच.

घरी बनवणाऱ्याला पहिल्या संध्याकाळीच मोह पडतो. चाकावरचा चुंबक बाहेरच्या चुंबकाकडे झेपावतो, चाकाला वेग येतो. मग तोच बाहेरचा चुंबक, आपल्यासमोरून पुढे निघालेल्या चुंबकाला मागे खेचतो. येताना जेवढं दिलं तेवढंच जाताना वसूल. चुंबक तिरके लावा, गोगलगायीच्या शंखासारखे वळवून लावा, लोखंडी पत्र्याआड लपवा; चाक अडण्याची जागा सरकते, नाहीशी होत नाही.

ती जागा ओलांडायची कशी, हे पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता मुलांना दाखवत असत. एक सेल, दोन सेफ्टी पिना, एक चकतीचा चुंबक आणि तांब्याच्या इनॅमल तारेचं वेटोळं. तारेच्या एका टोकावरचं इनॅमल पूर्ण खरवडायचं, दुसऱ्या टोकावरचं मात्र एकाच बाजूने. त्यामुळे अर्ध्या फेरीत, नेमकं जिथे वेटोळं उलटं ओढलं गेलं असतं तिथे, प्रवाह तुटतो. या दोन रुपयांच्या युक्तीत सगळ्या वादाचं उत्तर आहे, असं मला वाटतं: चुंबक मध्यस्थ असतो, पैसे सेल मोजतो.

मग वाद इतका का टिकला? एक कारण म्हणजे निओडिमियम. जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जनरल मोटर्सचे संशोधक यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला हे चुंबक घडवले. पुढे ते स्वस्त झाले. दोन चुंबकांमध्ये बोट चिमटलं की ‘यात प्रचंड शक्ती आहे’ हे पुन्हा सांगावं लागत नाही. पण जोर म्हणजे ऊर्जा नव्हे. भिंत छताचं ओझं शतकभर पेलते, तिला इंधन लागत नाही. साखरेच्या मोठ्या खड्याएवढ्या, म्हणजे एक घन सेंटिमीटर निओडिमियमच्या क्षेत्रातली ऊर्जा अर्धा ज्यूलही भरत नाही. साध्या अल्कलाइन पेन्सिल सेलमध्ये दहा हजार ज्यूलच्या आसपास असते.

दुसऱ्या पिढीने बॅटरी उघडपणे टेबलावर मांडली. जॉन बेदिनी यांच्या सर्किटमध्ये चुंबक लावलेलं चाक कॉइलसमोरून फिरतं, ट्रान्झिस्टर नेमक्या क्षणी प्रवाह सोडतो आणि तोडतो. प्रवाह तुटताच कॉइलमधून उच्च दाबाचा झटका येतो, तो दुसऱ्या बॅटरीला पाजायचा. दावा असा, की पहिली रिकामी होते त्याहून जास्त दुसरी भरते. इथे मल्टिमीटर दगा देतो. तुटक, टोकदार प्रवाह तो नीट मोजत नाही, आणि शिशाच्या बॅटरीचे व्होल्ट झटके बसताच चढतात. साठलेला चार्ज तेवढा वाढलेला नसतो. असाच दावा करणाऱ्या जोसेफ न्यूमन यांचं यंत्र १९८६मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सने तपासलं, तेव्हा बाहेर पडणारी ऊर्जा आत जाणाऱ्या ऊर्जेपेक्षा कमीच भरली. समर्थकांनी मोजणीलाच दोष दिला. खरं तर बॅटरी काढून घ्या आणि यंत्र चालू ठेवा, एवढं पुरेसं होतं.

डब्लिनच्या स्टिऑर्न कंपनीने ही गोष्ट गॅरेजमधून थेट भांडवलाच्या बाजारात नेली. २००६मध्ये ‘इकॉनॉमिस्ट’मध्ये जाहिरात देऊन शास्त्रज्ञांना आव्हान, २००७मध्ये लंडनला जाहीर प्रयोग, तो रद्द, २००९मध्ये कंपनीनेच बोलावलेल्या २२ जणांच्या मंडळाचा एकमुखी निर्वाळा, की ऊर्जा निर्माण झाल्याचं काही दिसलं नाही. त्याच डिसेंबरात मांडलेल्या यंत्रात तर बॅटरीच होती. गुंतवणूकदारांचे दोन कोटी युरोंहून अधिक गेले आणि २०१६मध्ये कंपनी अवसायनात निघाली.

बेदिनीही त्याच वर्षी वारले. त्यांचं सर्किट अजून बनवलं जातं, आणि ते बनवणाऱ्या काही मंडळींनी फुकट ऊर्जेचा नाद सोडून निराळीच चुरस लावली आहे: कमीत कमी मिलिअँपिअरवर कुणाचं चाक फिरत राहतं.